हंसिनीची प्रॉम्प्टर

पासिंगच्या दिवशी हंसिनी आमच्या निवासाच्या फाटकाशी येऊन थांबली. मी मागच्या सीटवर चढून बसले, तेव्हा पुढच्या दोघांत एक शब्द चाललेला नव्हता. गाडी मात्र नटूनथटून आली होती. बंपर घासलेला, काचा लख्ख, आणि नाकावरचा पितळी हंस तर असा झळकत होता, जणू पहिला प्रवेश त्याचाच आहे.

"काय भावजी, एवढं तोंड का पाडलंय?"

"राणीसाहेब, आज थट्टा नको. आज परीक्षा आहे."

"ती गाडीची. तुमची थोडीच आहे!"

माझं वाक्य संपतंय न संपतंय तोच भावजींच्या शेजारी बसलेल्या कुजबुजने मान वळवली. रंगमंचावर मी पुष्कळ जळजळीत नजरा पाहिल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या माझ्याच होत्या. पण त्या सकाळच्या तिच्या नजरेची सर त्यांतल्या एकीलाही नव्हती. मग गाडी निघाली, ती समोर वळली आणि ओठ जेमतेम हलवून म्हणाली, "दुसरा."

भावजींचा हात स्टिअरिंगखालच्या दांड्यावर गेला आणि गिअर अलगद पडला.

कुजबुज आमच्या नाटक कंपनीची प्रॉम्प्टर, मी तिथली नेहमीची राणी. विंगेत एका स्टुलावर बसायची, मांडीवर संहिता, कानामागे पेन्सिल. खरं नाव तिच्या आईवडिलांनी ठेवलं असेल, आम्ही ते कधी वापरलं नाही. तिचा आवाज हा एक चमत्कार होता. माझी ओळ माझ्या कानात पडायची आणि शेजारी उभ्या असलेल्या राजेसाहेबांना पत्ता लागायचा नाही. नट अडखळायच्या आधी ओळ द्यायची, हे तिचं तंत्र. "अडखळल्यावर दिली तर ती मदत नव्हे, बोभाटा," असं ती म्हणायची. आणि तिचा एक कडक नेम होता. कोण कुठे विसरला, हे विंगेबाहेर कधीही न्यायचं नाही. खुद्द त्या नटालासुद्धा सांगायचं नाही. पडदा पडल्यावर तुम्ही तिचे आभार मानायला गेलात तर ती विचारायची, "कशाबद्दल?"

भावजी म्हणजे तिचा नवरा. कंपनीचे ड्रायव्हर. सगळे त्यांना सारथी म्हणत. प्रयोग चालू असताना गाडीत झोपायचं सोडून हा माणूस विंगेत येऊन उकिडवा बसायचा. आम्हाला वाटायचं, नाटकाचा नाद आहे. नाद होताच, पण तो नाटकाचा नव्हता. लग्नानंतर कंपनीच्या मालकांनी एकदा विचारलं, "सारथी, आमचं कुठलं नाटक आवडतं तुला?" तर म्हणाले, "मी एकही पाहिलेलं नाही मालक. सगळी ऐकली आहेत. हिच्या तोंडून."

कंपनी मोडली तेव्हा मालकांनी पडदे एकाला दिले, दिवे दुसऱ्याला दिले आणि गाडीची किल्ली भावजींच्या हातात ठेवली. "हिला तुझ्याशिवाय कोण सांभाळणार?"

आणि खरंच, हंसिनी सांभाळणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. आजच्या मुलांना हे नावसुद्धा ठाऊक नसेल. नदीकाठी तिचा कारखाना होता. 'सगळ्या घराची एक गाडी' अशी जाहिरात असायची आणि ती खोटी नव्हती. पुढे लांबच लांब एकसंध सीट, उंच टप, आणि दारं उलटी, म्हणजे कडी पुढे आणि बिजागरी मागे. राणीसारखं पाठ टेकून बसावं आणि मग पाय आत घ्यावेत. चालत्या गाडीचं ते उलटं दार उघडलं तर वाऱ्याने पूर्ण फाकतं, म्हणून पुढे ओरड झाली. मग हलक्या, स्वस्त गाड्या आल्या, कारखान्यात संप झाला आणि एके दिवशी फाटकाला जे कुलूप लागलं ते कायमचं.

मागे राहिले ते हंसिनीवाले. त्यांची एक बिरादरीच होती. रस्त्यात समोरून दुसरी हंसिनी आली की दिवे दोनदा मिचकवायचे, ओळख असो वा नसो. आमच्या डॉक्टरांची हंसिनी डावीकडे वळताना आपोआप हॉर्न वाजवायची. गल्लीतले पेशंट तो आवाज ऐकूनच खोकायला सुरुवात करायचे. गणिताच्या मास्तरांची गाडी ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही, त्यामुळे उशिरा येणाऱ्या मुलांना शिक्षा काय करायची हा प्रश्न शाळेला कधी पडला नाही. बेकरीवाल्याच्या गाडीचे वायपर चढावर थांबायचे आणि उतारावर वेड लागल्यासारखे फिरायचे. "हंसिनी घेतली की दोन नातेवाईक फुकट मिळतात," तो म्हणायचा, "एक मिस्त्री आणि एक भंगारवाला."

आणि त्यांची एक रीत होती. कुणाची हंसिनी कायमची थांबली की भंगारात द्यायच्या आधी बाकीच्यांना निरोप जायचा. सगळे जमायचे. टोप्या काढून उभे राहायचे, थोडा वेळ तिच्याच गोष्टी निघायच्या, आणि मग प्रत्येकाने आपल्या गाडीला हवा असलेला एकच भाग मागून घ्यायचा. नाकावरचा हंस मात्र कुणी मागायचा नाही, तो धन्याच्या घरी राहायचा. असे एकेक हंस भिंतीवर चढत गेले. डॉक्टरांचा गेला, मास्तरांचा गेला. शेवटी बेकरीवाल्याची गाडी थांबली तेव्हा भावजींनी तिचा गिअरबॉक्स मागितला. मिस्त्रीने तो उघडून पाहिला आणि चुकचुकला. "सारथी, दुसऱ्या गिअरचा एक दात चिरलाय. नीट टाकत राहिलास तर वर्षानुवर्षं जाईल. एकदा खरकन् घासलास की गेला. आणि हा गेला तर मला विचारायला येऊ नकोस. आता जगात दुसरा नाही."

आता हंसिनीचा गिअर टाकायचा तो कानाने. इंजिनाचा आवाज चढत चढत एका सुरावर येतो, त्या सुरावर दांडा ओढला तर गिअर पडतो, आधी किंवा नंतर ओढला तर दातावर दात घासतो. हाताला थरथर कळते म्हणतात, पण हंसिनी मुळातच सर्वांगाने थरथरणारी.

आणि भावजींचे कान गेले होते.

उजवा पुरता गेला होता. डाव्यात जवळून बोललेलं जायचं, पण इंजिनाचा तो बारीक चढणारा सूर नाही. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. एके दिवशी गिअर घासला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासला. तिसऱ्या दिवशी इंजिन सुरावर यायच्या जरासं आधी, डाव्या बाजूला बसलेली बायको समोर बघत हळूच म्हणाली, "दुसरा." त्यांनी टाकला. "तिसरा." त्यांनी टाकला. घरी पोचल्यावर ना त्यांनी विचारलं, ना तिने सांगितलं. तेव्हापासून हा प्रयोग रोज चालू होता. मागच्या सीटवर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांना कळलं होतं, आणि आम्ही सगळे मुकाट खिडकीबाहेर बघायचो.

पुढे कुजबुज न्हाणीघरात पडली. कमरेचं हाड जुळलं, पण डावा पाय वाकेनासा झाला, काठीसारखा सरळ. तिला एकदा टॅक्सीत बसवायचा प्रयत्न झाला. अर्धी आत, अर्धी बाहेर, पाय दारात अडकलेला, भोवती बघ्यांचा घोळका, आणि ड्रायव्हर म्हणतोय, "बाई, जरा दुमडा ना!" ती परत कधी टॅक्सीत बसली नाही. आमच्या निवासाच्या गाडीची पायरी तिच्या गुडघ्याइतकी उंच. एकट्या हंसिनीचं उलटं दार तेवढं तिला जसं आहे तसं आत घ्यायचं.

त्या दारातून ती दर शनिवारी आमच्याकडे यायची. आमचं निवास म्हणजे थकलेल्या कलावंतांचं घर. इथे कुणाला जेवल्याचं आठवत नाही, कुणाला स्वतःची मुलं ओळखू येत नाहीत. पण शनिवारी कुजबुज खुर्चीत बसायची, मांडीवर जुनी संहिता घ्यायची, आणि ज्या राजेसाहेबांना सकाळी चष्मा नाकावर असल्याचं आठवत नव्हतं ते तिच्या दोन शब्दांवर अख्खं स्वगत उभं राहून म्हणायचे. आठवड्यातून एक संध्याकाळ आम्ही आम्ही असायचो. बाकीचे दिवस ती स्वतः दोन खोल्यांत होती, आणि तिची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते.

तर पासिंगला काय पणाला लागलं होतं, ते आता कळलं असेल. इतक्या जुन्या गाडीला एकच संधी. नापास झाली तर त्याच आवारात मागे यंत्र आहे, तिथे चपटी व्हायची. आणि नियम असा की चाचणीच्या फेरीत गाडीत चालवणारा आणि तपासणारे साहेब, दोघंच. कुजबुज बाहेर.

महिनाभर आधी ती माझ्या खोलीत आली होती आणि दार लावून घेतलं होतं.

"मी आत नसेन तर हे दुसरा टाकणार कसे?"

"सांग ना त्यांना सरळ. कानाला यंत्र लावा म्हणावं."

"मी?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चोरी करायला सांगितली. "ह्यांना कळता कामा नये, की मला कळलंय."

"अगं, रोज गाडीत सांगतेस ते काय?"

"ती ओळ झाली. हे वेगळं."

मग आम्ही दोघी बुद्धी चालवू लागलो, आणि नाटकवाल्यांना जे सुचणार तेच सुचलं. तालीम! आवाजावर जमत नाही तर जागेवर बसवायचं. नटाला अंधारात दिसत नसलं की फळ्यांवर खडूने खूण करतात, तसं. सकाळी दोन-तीनदा जाऊन मी चाचणीचं मैदान कुंपणाबाहेरून पाहून आले. गोल रस्ता, मधोमध बसायची शेड. निघाल्यावर पाण्याची टाकी येते, तिथे दुसरा. पुढे पत्र्याचा फलक, तिथे तिसरा. मग दोन्हीकडून चढ असलेला उंचवटा, त्याच्या चढावर थांबा, पुन्हा निघा, आणि शेवटी, जिथून निघालो तिथेच, ब्रेकची पांढरी रेघ.

बंद पडलेल्या गिरणीमागच्या मोकळ्या जागेत तालीम सुरू झाली. टाकीच्या जागी बादली, फलकाच्या जागी खुर्ची. साहेब मी. आयुष्यात पुरुषभूमिका केली ती तेवढीच. भावजींना कारण सांगितलं होतं, "साहेब शेजारी बसला की माणूस बावचळतो, सवय असलेली बरी." त्यांनी बादलीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." एवढंच. त्यांना काय कळलं, काय नाही, देव जाणे. पण बादलीशी दुसरा आणि खुर्चीशी तिसरा असे पडू लागले की मी टाळ्या वाजवल्या.

"साहेब टाळ्या वाजवत नाहीत," कुजबुज लांबून म्हणाली.

त्या दिवशी मैदानावर पोचलो तेव्हा आमचा नंबर सकाळचाच होता. पण आमच्या पुढच्या ट्रकचे ब्रेक चढावर जाम झाले. तो ना पुढे, ना मागे. त्याला ओढून काढेपर्यंत साहेबांची जेवायची वेळ झाली. आम्ही शेडमधल्या बाकावर बसलो. कुजबुजचा सरळ पाय समोर तोफेसारखा रोखलेला. भावजी गाडीभोवती फिरत, नसलेली धूळ पुसत होते. आवाराच्या मागून मधूनच पत्रा चिरडल्याचा आवाज यायचा. तो आम्हा दोघींनाच ऐकू येत होता.

जेवण झालं. शिपाई आला आणि रस्त्याच्या तोंडाशी ठेवलेला बाण उचलून त्याने दुसऱ्या तोंडाशी नेऊन ठेवला.

"अहो दादा, हे काय?" मी विचारलं.

"दुपारी ऊन चढावर डोळ्यांत येतं ना, मावशी. दुपारनंतर उलटं फिरायचं."

कुजबुजने माझा हात धरला. आता आधी चढ येणार, मग फलक, टाकी सगळ्यात शेवटी. आमची सगळी तालीम पाण्यात. आणि भावजी गाडीत जाऊन बसलेसुद्धा होते.

साहेब आले. चेहऱ्यावर दिवसभराचा कंटाळा. त्यांनी हंसिनीचं दार नेहमीच्या बाजूने ओढलं आणि बिजागरीवर बोटं आपटली.

"ही कसली उलटी तऱ्हा?"

"बसायला सोपं जातं साहेब," कुजबुज बाकावरून म्हणाली. "आणि ती काच वर करू नका हं. वर गेली की खाली येत नाही."

साहेब हसले आणि बसले. काच खालीच राहिली.

पहिल्या गिअरवर गाडी निघाली. चढ नीट झाला. मधे थांबवली, हॅण्डब्रेक धरला, पुन्हा निघाली, इंचभरही मागे आली नाही. माझ्या जिवात जीव आला. पण चढ संपला आणि सपाटी लागली. आता वेग वाढणार होता. इंजिनाचा सूर चढू लागला. कुजबुज उठून उभी राहिली होती, शेडचा खांब धरून. तिचे ओठ हलले, "दुसरा." सवयीने, विंगेतल्या आवाजात. तो शब्द मलाच जेमतेम ऐकू आला.

सूर आला आणि निघून गेला. गाडी पहिल्यावरच किंचाळत राहिली. काचेतून भावजींचा चेहरा दिसत होता. तो मी चांगला ओळखते. ओळ विसरलेल्या नटाचा चेहरा असा असतो. डोळे समोर, आणि सगळा जीव विंगेकडच्या कानात. ते वाट बघत होते.

इतक्या वर्षांत मी कुजबुजला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. नेपथ्य कोसळलं तेव्हा नाही, न्हाणीघरात पडली तेव्हाही नाही.

"दुसराऽऽ!"

शेडमधले सगळे दचकून वळले. शिपायाच्या हातातला चहा सांडला. तो आवाज तिचा होता हे मला क्षणभर खरंच वाटेना. शेवटच्या रांगेच्याही पलीकडे भिंतीवर आदळेल असा, मोकळा, धारदार आवाज.

उलट्या फेरीमुळे भावजींचा डावा कान आमच्याकडे होता, आणि काच खाली होती. त्यांनी ऐकलं. हात दांड्यावर गेला. पण उशीर झालाच होता. खर्रर्र असा आवाज आला, मग टक्. लहानसाच, सुपारी फुटल्यासारखा. गाडी गिअरविना घरंगळू लागली. भावजींचा हात पुन्हा तिथेच ओढत होता. त्यांना तो टक् ऐकूच गेला नव्हता.

मला वाटलं, संपलं. पण नट एक पान गाळून पुढे उडी मारतो तेव्हा प्रॉम्प्टर पान शोधत बसत नाही, तीही उडी मारते.

"दुसरा सोडा! तिसराऽऽ! तिसराच टाका!"

दांडा हलला. हंसिनी ढेकर दिल्यासारखी एकदा गचकली, कण्हली, आणि तिसऱ्यावर चालू लागली. फलक गेला, टाकी गेली, पांढरी रेघ आली. ब्रेक लागला. गाडी रेघेच्या अलीकडे, सरळ, जागच्या जागी उभी राहिली.

साहेब उतरले, बोनेटच्या पुढून वळसा घालून उजवीकडे गेले आणि खिडकीशी उभे राहून म्हणाले, "काका, कधीपासून ऐकू येत नाही?"

भावजी समोर बघत बसले होते. साहेबांनी पुन्हा विचारलं. भावजी समोरच बघत राहिले. मग त्यांना खिडकीत सावली दिसली आणि ते दचकून हसले. "काय म्हणालात?"

साहेब वळले. ते शेडकडे आले. कुजबुज अजून खांब धरून उभी होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. गाडीची भीती नव्हती ती. सगळ्या जगासमोर तिने आपल्या नटाला ओळ दिली होती.

"काकू, गाडीचं सांगतो," साहेब म्हणाले. "चढावर धरली, ब्रेक लागला, दिवे आहेत, धूर बेताचा. पुढे जाते, मागे येते, थांबते. गिअर किती आहेत हे मला तपासायचं नसतं. पण काकांना असं सोडता येणार नाही. कानाला यंत्र लावून मला चालवून दाखवा, तेव्हा शिक्का मारतो. आठवडाभर गाडी इथे ठेवतो. त्यानंतर मात्र..." त्यांनी आवाराच्या मागच्या बाजूकडे नुसतं पाहिलं.

मिस्त्री टेम्पो घेऊन आला. मागच्या उघड्या हौद्यात खुर्ची ठेवून कुजबुजला तिच्यावर बसवलं. भावजी पुढे बसले.

पुढे दिवसेंदिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. जेवायचे, पेपर वाचायचे, झोपायचे. कुजबुजने मला फोन केला, त्यातही ती कुजबुजली. "मी त्यांचा पाणउतारा केला गं. ते डॉक्टरांकडे जाणार नाहीत. जा म्हणायला मला तोंड राहिलं नाही."

आठवडा सरत आला तेव्हा भावजी एकटे बसने आमच्याकडे आले. मी अंगणात होते. डावा कान तुमच्याकडे हवा, असं पुटपुटत त्यांनी माझ्या डाव्या हाताची खुर्ची उचलून उजव्या हाताला ठेवली, आणि मला कळलं की आज पहिल्यांदा ते लपवत नाहीयेत.

"राणीसाहेब, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"सगळ्यांना?"

"मागे बसणाऱ्या सगळ्यांना."

"मला वाटायचं, मी छान निभावतोय." त्यांनी खुर्ची अजून जवळ ओढली. "तिला वाटत असेल मी रागावलोय."

"नाही का?"

"लाज वाटतेय हो! रोज तिच्या ओळीवर गाडी हाकली आणि एकदा आभार मानले नाहीत."

"मानले असते तर ती 'कशाबद्दल' म्हणाली असती."

ते हसले. मग पुढे झुकून म्हणाले, "पण आवाज ऐकलात का तिचा? त्या दिवशी? असा आवाज असून ही बाई जन्मभर स्टुलावर बसली! मी तर तिसरा टाकला तो अर्धा कौतुकानेच."

"हे मला काय सांगताय? घरी सांगा."

"सांगतो," ते म्हणाले. "आधी यंत्र बसवून घेतो. सांगितल्यावर ती काय म्हणते, ते नीट ऐकू यायला हवं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र लावून गाडी चालवून दाखवली आणि साहेबांनी शिक्का मारला.

शनिवारी संध्याकाळी मी आग्रहाने त्यांच्याकडे गेले आणि मागच्या सीटवर बसून येण्याचा हट्ट धरला. भावजींच्या डाव्या कानामागे मुगाएवढं यंत्र. गाडी चालू झाली तसे ते दचकले. "अगं, ही एवढी रडते?"

"पहिल्यापासूनच," कुजबुज म्हणाली.

आता दुसरा गिअर नाहीच. पहिल्यावर खूप ताणायचं आणि एकदम तिसरा टाकायचा. गाडी कोपऱ्यावरून वळली. सूर चढू लागला. मी वाट पाहत होते. कुजबुज हाताची घडी घालून समोर बघत गप्प बसली होती. आता त्यांचं त्यांना ऐकू येतंय, मग आपण कशाला, असा तो चेहरा. हंसिनी किंचाळू लागली. भावजींचा हात दांड्यावर होता, पण हलत नव्हता. सूर आला, त्यांना तो नक्की ऐकू आला, कारण त्यांनी बायकोकडे तिरपं पाहिलं.

"ओळ द्या की बाई," ते म्हणाले. "पडदा वर गेलाय."

"तिसरा," ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर पाहू लागले.